नाताळची गोष्ट लांबली

१९ नोव्हेंबर, गुरुवार

आज सकाळी ऑफिसला निघण्याआधी मी टाईपरायटरची रिबीन काढली आणि स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे ठेवली. हात काळे झाले. दोनदा साबण लावला, तरी नखांत शाई राहिलीच. मग प्रार्थनेला उभा राहिलो, पण तोंडातून शब्द फुटेना. काय सांगणार? ज्याला सांगायचं त्याने सगळं पाहिलंच होतं.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे तिघी आल्या. मी म्हणालो, "मशीन बंद आहे. रिबीन संपली. मागवलीय, पण दुकानदार म्हणतो वेळ लागेल."

मेट्रनने कपाळाला हात लावला. "म्हणजे गोष्टीतली माझी गर्भारशी पुलाच्या अलीकडेच अडकून राहणार? भाऊजी, कळा सुरू झाल्यात तिला!"

मोठ्या बाई म्हणाल्या, "तिला दोन आठवडे कळाच येतायत. एव्हाना ते मूल शाळेत गेलं असतं."

धाकटी हसता हसता चहा सांडणार होती.

खोटं बोलल्याचं मला वाईट वाटलं, पण त्या तिघी रात्रीच्या जेवणापर्यंत बसल्या. मशीन चालू असतं तर मेट्रनची पानं तासाभरात टाईप होऊन धाकटीच्या हातात पडली असती आणि साडेसातला घर रिकामं झालं असतं.

असं का केलं, ते निदान इथे तरी खरं लिहावं. आमच्या चर्चच्या मंडळीच्या नाताळ अंकात दरवर्षी एक गोष्ट येते. खाली नाव असतं, ‘मंडळीतल्या भगिनी’. या भगिनी चार. पहिला भाग मोठ्या बाई लिहितात. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आता निवृत्त. दुसरा हॉस्पिटलातल्या मेट्रनचा, तिसरा धाकटीचा. तिचं शिवणाचं दुकान आहे आणि चौघींत ती वयाने लहान. शेवटचा भाग हिचा, माझ्या बायकोचा. नियम एकच: आधीचीने लिहिलेला शब्द पुढचीने कापायचा नाही. मेट्रनने कुणाला मारलं तर तो मेला. मेट्रनच्या हातात पेन गेलं की कुणीतरी आजारी पडतंच. तिचं अक्षर केमिस्टशिवाय कुणाला लागत नाही, आणि मला. म्हणून टाईप मी करतो. पाणीखात्यात दिवसभर नळजोडणीच्या नोटिसा टाईप करायच्या आणि गुरुवारी संध्याकाळी गोष्ट.

आमच्या घरीच बैठक, कारण बोलावणारी ही होती. या उन्हाळ्यात ती गेली. मला वाटलं, गोष्टही गेली. पण ऑक्टोबरात मोठ्या बाई दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गुरुवारी येतोय. खुर्च्या आहेत ना?"

गोष्ट संपली की त्या येणार नाहीत. म्हणून रिबीन डब्यामागे आहे.

२२ नोव्हेंबर, रविवार

उपासनेला गेलो. आमचा बाक आता फार लांब वाटतो. मी एका टोकाला बसतो, म्हणजे कुणाला बसायचं असेल तर बसता येईल. कुणी बसत नाही. लोकांना वाटत असेल, याला एकटं राहायचंय.

दुपारी झोपलो. उठलो तेव्हा अंधार पडत आला होता. क्षणभर वाटलं, ती स्वयंपाकघरात आहे. मग नळ गळतोय हे लक्षात आलं. पाणीखात्यातल्या माणसाच्या घरी नळ गळतो. तिने मला यावरून वर्षभर छळलं असतं.

२६ नोव्हेंबर, गुरुवार

आजही रिबीन ‘आली नाही’. खोटं दुसऱ्यांदा सोपं जातं. हीच त्याची भीती.

मोठ्या बाईंना आज बहुतेक भूक लागली होती. "पाणी पिऊन येते," म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ डबे उघडझाक करण्याचा आवाज येत होता. मी कान देऊन झाकणं मोजत राहिलो. पण परत आल्या तेव्हा चेहरा अगदी शांत. पदराला हात पुसत म्हणाल्या, "भाऊ, रिबिनीची घाई करू नका हो. यायची तेव्हा येईल."

"पण पाळकसाहेब अंकासाठी थांबलेत..."

"पाळकसाहेबांना मी तिसरीत शिकवलंय. त्यांचं मी बघते."

थोड्या वेळाने म्हणाल्या, "डाळ संपलीय तुमची. आणि पिठाला जाळी धरलीय." बाई शिस्तीच्याच. दुसऱ्याच्या घरातसुद्धा त्यांना अव्यवस्था चालत नाही.

जुन्या टाईप केलेल्या पानांवरून त्यांनी पहिला भाग मोठ्याने वाचून दाखवला. एका नदीवर पूल आहे. रात्री पुलाला साखळी लागते, सकाळी निघते. साखळीची किल्ली एका राखणदाराकडे. नाताळच्या आदल्या रात्री एक जोडपं येतं, बाईचे दिवस भरलेले, दवाखाना पलीकडे. राखणदार खिडकीतून बघतो, पण दार उघडत नाही. मेट्रनच्या भागात त्या राखणदाराची बायको वारलेली दाखवली आहे. उगीचच. त्याने गोष्टीत काय फरक पडतो? मी तसं म्हणालोही.

"नाही पडत?" मेट्रनने विचारलं.

"नाही. आणि असा माणूस असतो का कुठे? माणसं दारात उभी आहेत आणि हा आत बसून राहतो. घुमा. मला तर तो पटला नाही."

मोठ्या बाईंनी पानं मिटून ठेवली आणि धाकटी कपबशा उचलू लागली. लेखकांना टीका लागते, हे मी विसरलो. पुढच्या वेळी जपून बोललं पाहिजे.

२९ नोव्हेंबर, रविवार

पाळकसाहेबांनी उपासनेनंतर दारातच धरलं. "गोष्टीचं काय झालं? छापखान्याने पानं राखून ठेवलीत. नाही आली तर मी तिथे मंडळीचा वार्षिक अहवाल टाकेन."

मी म्हणालो, "अहवाल वाचून कुणाचे डोळे पाणावत नाहीत, साहेब."

"खजिनदाराचे पाणावतात," ते म्हणाले.

हसलो, पण घरी येईपर्यंत हसू राहिलं नाही. एवढ्या वर्षांत गोष्ट एकदाही चुकली नव्हती. ती तापाने फणफणलेली असतानासुद्धा तिने शेवटचा भाग लिहिला होता, पलंगावर बसून, पाटीवर कागद ठेवून. आणि आता तिचा नवरा, चार घटका कुणीतरी बोलायला असावं म्हणून, सगळ्या मंडळीची गोष्ट अडवून बसलाय. प्रार्थनेत आज शब्द आले. फार नाही, पण आले.

३० नोव्हेंबर, सोमवार

रिबीन मशीनला लावली. पिठाचे डबे कुणीतरी पुसून नीट लावून ठेवलेत, आणि रिबीन मी ठेवली होती त्याच जागी होती, फक्त एका स्वच्छ कागदात गुंडाळलेली. मी कधी गुंडाळली ते आठवत नाही. वय होत चाललंय.

मेट्रनची पानं ऑफिसातून आल्यावर एका बैठकीत टाईप केली.

३ डिसेंबर, गुरुवार

आज मशीन सुरू, आणि आता त्यांचंच गाडं अडलंय.

धाकटीने टाईप केलेली पानं हातात घेतली आणि म्हणाली, "दादा, मला नाही आता लगेच लिहिता येणार. राखणदाराच्या कोटाचं वर्णन करायचंय. वाचकाला कोट दिसला पाहिजे. तुम्ही जरा उभे राहा."

मी उभा राहिलो. तिने गळ्यातली टेप काढली आणि माझे खांदे, छाती, बाह्या सगळं मोजलं. इतकी वर्षं दुकान चालवतेय, कोटाचं माप तिला तोंडपाठ असणार. पण लेखक मंडळींना समोर बघूनच लिहायचं असतं, असं म्हणतात.

"केवढा वाळलाय हा राखणदार!" धाकटी म्हणाली.

"गोष्टीत तो जाडजूड लिहिलाय," मी म्हणालो.

"गोष्टीत लिहिलाय हो," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि खिडकीकडे बघू लागल्या.

मेट्रन तर म्हणाली, तिला आणखी एक प्रसंग घालायचाय, आधीच्या भागातला. राखणदाराची नाडी. "हात द्या, भाऊजी." मनगट धरून घड्याळाकडे बघत बसली. मी विचारलं, "किती लिहू?" तर म्हणाली, "लिहू नका. रात्री जेवता का, तेवढं सांगा."

"राखणदार?"

"हो. राखणदारच."

मी म्हणालो, एकटा माणूस, रात्री ब्रेड खात असेल. मेट्रनने मोठ्या बाईंकडे पाहिलं. माझं उत्तर आवडलं नसावं. पण प्रसंग लिहून आणलाय का म्हटलं, तर म्हणाली, "नाही हो सुचत. डोकंच चालत नाही." तिच्या पर्समधून घडी केलेल्या कागदांचा गठ्ठा मात्र बाहेर डोकावत होता. मी विचारलं. ती म्हणाली, हॉस्पिटलचे कागद आहेत.

एवढ्या हुशार बायका, आणि एक गोष्ट पुढे सरकेना. ही गेली, तिच्याबरोबर त्यांचं सुचणंही गेलं बहुतेक. वाईट वाटलं. पण खोटं कशाला लिहू, सुटल्यासारखंही वाटलं. म्हणजे पुढच्या गुरुवारीही येणार.

६ डिसेंबर, रविवार

पाळकसाहेब आज हसले नाहीत. शनिवारपर्यंत गोष्ट नाही आली तर अंक तिच्याशिवाय निघेल, म्हणाले. मोठ्या बाईंनाही त्यांनी गाठलेलं दिसलं. तिसरीत शिकवलं होतं त्याचा उपयोग एवढाच झाला की त्यांनी ते हात जोडून सांगितलं.

१० डिसेंबर, गुरुवार

आज गोष्ट पुरी झाली. कशी झाली, ते लिहितो.

मोठ्या बाई खुर्चीवर बसल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "पुरे आता. काढा."

मेट्रनने पर्स उघडून पानं काढली. एवढं सगळं तिने काल रात्रीत लिहिलं म्हणे. घड्या मात्र चांगल्याच जुन्या दिसत होत्या, कडा मऊ पडलेल्या. धाकटीनेही आपला भाग काढला. तोही तयार! माणसाला वेळ संपत आली की सुचतं, हेच खरं. मी टाईप करत गेलो आणि त्या तिघी माझ्या पाठीमागे बसून एकमेकींच्या चुका काढत राहिल्या. धाकटीच्या भागात बाई राखणदाराच्या झोपडीच्या पायरीवर बसते आणि आत दिवा हलतो. तिथे भाग संपतो.

मग सगळे थांबले. पुढचा भाग हिचा.

नळ गळत होता, त्याचा आवाज तेवढा. शेवटी मेट्रनने विचारलं, "भाऊजी, तुम्हीच सांगा. आता तो काय करेल?"

"दार उघडेल," मी म्हणालो. "साखळी काढेल. त्यांना पलीकडे पोचवेल. माणूस वाईट नाही तो."

"आणि मग?"

"मग काय? परत येईल. त्याचं काम झालं. चहा करेल."

"कुणासाठी?" धाकटीने विचारलं.

राखणदाराचं मी कुठे एवढं बघत बसू? टाईप करणारा माणूस मी.

मोठ्या बाईंनी माझ्याकडून कागद घेतला आणि तिथेच, टेबलाच्या कोपऱ्यावर, शेवटचा भाग लिहिला. एक पानही भरलं नाही. मूल झोपडीतच जन्मतं. पहाटे जोडपं पुलावरून जातं. राखणदार बघत राहतो. मग तो साखळी खांबाला तशीच लोंबती ठेवतो आणि त्यांच्या मागून स्वतः पूल ओलांडून पलीकडे जातो. तेवढंच.

राखणदाराने जागा सोडून जाणं नियमात बसत नाही. पण कुणाचा शब्द कापायचा नाही. मी टाईप केलं.

त्या निघाल्या. दारात धाकटी चपला घालता घालता म्हणाली, "मग, दादा? पुढचा गुरुवार?"

आणि मी काय बोललो! मी म्हणालो, "आता काय, गोष्ट झाली. तुमचा फार वेळ गेला. आता पुढच्या वर्षी."

"पुढच्या वर्षी?"

"हो. काम तेव्हाच निघणार ना."

तिने राहिलेली चप्पल पायात सरकवली. मोठ्या बाई म्हणाल्या, "चल गं." मेट्रनने जाताना माझ्या मनगटावर हात ठेवला, पण घड्याळ बघितलं नाही.

१२ डिसेंबर, शनिवार

गोष्ट छापखान्यात देऊन आलो. छापखानेवाला म्हणाला, "यंदा नाव काय टाकू? एक कमी ना?" मी म्हणालो, दरवर्षीचंच टाका. ‘मंडळीतल्या भगिनी’त किती, ते कुठे लिहितात?

१७ डिसेंबर, गुरुवार

कुणी आलं नाही. येणार नव्हतंच कुणी. मीच सांगितलं होतं.

तरी ऑफिसातून आल्यावर खुर्च्या ओढून ठेवल्या. मग परत लावल्या. मशीनवर झाकण घातलं. ब्रेड खाल्ला. रस्त्यावरून पोरं गाणी म्हणत गेली, कुणाच्या तरी दारात उभी राहून म्हणत होती. दोन घरं पलीकडे. आमच्या दारावरून पुढे गेली. आमचा दिवा बंद होता, त्यांचा काय दोष?

माझे वडील सांगायचे, बोलावल्याशिवाय कुणाकडे जाऊ नये आणि काम असल्याशिवाय कुणाला बोलावू नये. गावच्या शाळेत गुरुजींनीही तेच शिकवलं. उपद्रव होऊ नये कुणाला. मी आयुष्यभर ते पाळलं. मला ते जमलं, कारण घरात बोलावणारी दुसरी होती. ती कुणालाही बोलवायची. टपालवाल्याला, मीटर बघायला येणाऱ्याला. "काम काय?" मी विचारायचो. "काम काही नाही," ती म्हणायची, "चहा."

आता वाटतं, त्या तिघींना मी दारातून घालवलं. त्यांना वाटलं असेल, भाऊजींना नको आहोत आपण. आणि हेही खरं, की नुसतं ‘या’ म्हणायला जीभ उचलली गेली नाही. खोटं बोलायला उचलली गेली, पण हे नाही.

२० डिसेंबर, रविवार

अंक आला. लोक बाकांवर बसूनच गोष्ट वाचत होते. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, "राखणदार छान उतरलाय हो. अगदी ओळखीचा वाटतो." त्यांच्या ओळखीत असा कोण आहे कुणास ठाऊक.

तिघी पुढच्या बाकावर होत्या. माना वळवून हसल्या. जवळ जावं असं वाटलं. मग गर्दी झाली.

घरी येऊन ठरवलं. आता ठरवलं.

२१ डिसेंबर, सोमवार

ऑफिस सुटल्यावर हॉस्पिटलात गेलो. मेट्रन वॉर्डात होती, हातात ट्रे, मागे दोन नर्सेस. "अहो भाऊजी! काय झालं?"

मी म्हणालो, "खोकला."

खोकला नव्हता. तिने घसा बघितला, एक बाटली दिली. "रोज झोपताना. आणि गरम काहीतरी खा." बाटली घेऊन घरी आलो. कडू आहे.

२२ डिसेंबर, मंगळवार

मोठ्या बाईंच्या घरापर्यंत गेलो. त्या अंगणात वाळत घातलेले कपडे काढत होत्या. म्हणाल्या, "या, भाऊ." मी म्हणालो, "अंक बघितलात का?" त्या म्हणाल्या, "बघितला." मी म्हणालो, "छपाई बरी आहे." त्या म्हणाल्या, "हो, बरी आहे." मग मी म्हणालो, "येतो." त्या कपडे हातात घेऊन फाटकाशी उभ्या राहिल्या. मी वळून पाहिलं तेव्हाही उभ्याच होत्या.

एक साधा शब्द, आणि शहाण्णव ओळींची नोटीस एका चुकीशिवाय टाईप करणारा माणूस तो काढू शकत नाही.

२३ डिसेंबर, बुधवार

आज ऑफिसातून तासभर आधी सुटी घेतली. साहेबांना कारण विचारावंसं वाटलं असावं, कारण मी कधी सुटी घेत नाही. रस्त्याने चालताना मनात प्रार्थना करत होतो. फार मोठं काही मागितलं नाही. म्हटलं, एवढं एक वाक्य तोंडातून निघू दे, मग पुढचं तुझ्याकडे.

धाकटीच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांना सणाचे कपडे उद्याच हवे होते. कापडाचे ढीग, मशीनची खडखड, कोपऱ्यात एक बाई बाही घट्ट झाली म्हणून भांडत होती. धाकटी एका गाऊनच्या घेराला टाचण्या लावत होती, ओठांत चार-पाच टाचण्या धरलेल्या. मला बघून तिने भुवया उंचावल्या.

मी उभा राहिलो. भांडणारी बाई माझ्याकडे बघू लागली. मी टोपी काढली.

"उद्या गुरुवार आहे," मी म्हणालो.

धाकटीने मान हलवली.

"तुम्ही या. संध्याकाळी, उपासनेच्या आधी. तिघीही. मेट्रनला आणि मोठ्या बाईंना आता इथूनच सांगायला जातो. पण आधी तुला म्हणतो."

तिने टाचण्या एकेक करून काढल्या, उशीत खोचल्या. सगळ्या. मग म्हणाली, "उद्या? दादा, उद्या तर मला मरायला फुरसत नाही." गाऊन बाजूला सारला. "काही काम निघालंय का? गोष्ट तर झाली ना?"

मी म्हणालो, "झाली. काम काही नाही. तरी या."